पंप मेला म्हणण्याआधी

हल्ली इंजेक्शनवाली स्कूटर रस्त्यात बंद पडली की दोनच निदानं कानावर येतात: बॅटरी गेली, नाहीतर टाकीतला, पेट्रोल ढकलणारा पंप गेला. बॅटरीचे पैसे माणूस कुरकुरत का होईना देतो. पंपाचा आकडा ऐकला की मात्र चेहरा उतरतो, कारण बहुतेक गाड्यांत तो सुटा मिळतच नाही. मोटर, दाब ठरलेला ठेवणारा रेग्युलेटर, जाळी, पेट्रोलची पातळी सांगणारा फ्लोट, सगळं बिऱ्हाड एका असेंब्लीत. माझ्या भाचीला असाच आकडा सांगण्यात आला आणि ती तशीच रखडत-गचके खात इंदूरच्या सुदामा नगरात माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, तुझा तो मीटर आहे ना गं अजून?"

पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये नोकरी संपवलेल्या बाईला हे विचारायचं नसतं.

गाडी ११० सीसीची, बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली. तक्रार अशी: सकाळी एका बटणात चालू. भंवरकुआंला क्लासला निघायचं, चोइथराम चौराह्यापर्यंत सगळं ठीक. तिथल्या सिग्नलला थांबून पुन्हा निघताना ओढ नाही, दोन-चार गचके, आणि बंद. दहा-पंधरा मिनिटं कडेला उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालू. मेकॅनिक म्हणाला होता, "मैडम, पंप गरम होके बैठ जाता है. पूरी असेंबली लगेगी." त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. मोटरला वीज पोचवणारे ब्रश झिजलेला किंवा आतल्या तारांचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, कच्चं झालेला पंप तापला की खरंच बसतो. पण त्यानं मोजलं काय होतं? तर चावी फिरवून टाकीला कान लावला होता.

कान लावणं वाईट नाही, सुरुवात तिथूनच करायची असते. चावी चालू केली की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, पंपाला साधारण दोन सेकंद वीज देतो, लाइनमध्ये दाब भरून घेतो आणि इंजिन फिरायला लागलं नाही तर वीज काढून घेतो. ती दोन सेकंदांची घूंऽऽ ऐकू आली म्हणजे फ्यूज, रिले, गाडी आडवी झाली की पंप बंद करणारा सेन्सर, हे सगळं निदान त्या क्षणी तरी धड आहे. आवाज आलाच नाही तर आधी फ्यूज बघा, आणि त्याहीआधी बॅटरी. या स्कूटरना बॅटरी असते चिमुकली. ती पार झोपली असेल तर किक मारूनही पंप नीट उठत नाही.

भाचीच्या गाडीचा आवाज येत होता. थोडा मलूल, पण येत होता. आणि गोंधळ इथेच सुरू होतो. पंप फिरतोय एवढंच तो आवाज सांगतो. किती दाबानं पेट्रोल देतोय, ते सांगत नाही.

आमच्या बाबांकडे काइनेटिक होंडा होती, इथे शेजारी पिथमपूरलाच बनलेली. तिच्या कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसतं पोचलं तरी पुरे होतं. फ्लोटच्या वाटीत साठायचं आणि इंजिन आपल्या ओढीनं घ्यायचं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि स्कूटर सरसकट इंजेक्शनच्या झाल्या. इंजेक्टर म्हणजे क्षणभर उघडणारी झडप. ती किती मिलिसेकंद उघडायची हे ईसीएम ठरवतो, ते दाब ठरलेला आहे हे गृहीत धरून. हा दाब बहुतेक छोट्या गाड्यांत ३०० किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे ४३ पीएसआय. मागच्या टायरमध्ये आपण भरतो त्याहून जास्त. दाब पडला की झडप तेवढाच वेळ उघडूनही पेट्रोल कमी जातं. मग ओढ जाते, गचके बसतात.

आणखी एक हिशेब करून बघा. ताशी ५० च्या वेगानं जाणारी स्कूटर लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर ती तासाला एक लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला जेमतेम १७ मिली. पंप याच्या कितीतरी पट पेट्रोल ढकलतो आणि जास्तीचं रेग्युलेटर पुन्हा टाकीत सोडतो. त्यामुळे अर्धमेला पंपसुद्धा गाडी स्टँडवर मजेत चालवून दाखवतो. "देखो, चल तो रही है" याला पुरावा म्हणून शून्य किंमत.

आता मीटर.

पंपाचा कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांत मीटर लावायचा, चावी फिरवायची, १२ व्होल्ट दिसले की "करंट बराबर है, पंप ख़राब है" म्हणायचं, ही सर्वमान्य पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध १० मेगाओमच्या घरात असतो. त्यातून मायक्रोअँपिअरनं मोजावा इतका प्रवाह जातो. एवढ्याशा प्रवाहाला गंजकं टर्मिनलही राजमार्गच वाटणार. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर इमानेइतबारे १२ दाखवेल. पंप जोडला की मागणी दीड-दोन अँपिअरची होते आणि तेव्हा कुठे खरं चित्र समोर येतं. लॅबमध्ये पोरांना मी हे दरवर्षी बल्ब लावून दाखवायचे: आधी उघड्या टोकांवर मोजा, मग बल्ब लावून मोजा. दरवर्षी तोंडं तशीच उघडी राहायची.

म्हणून कनेक्टर जोडलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूनं, वायर जिथे आत शिरते तिथे रबरी सीलच्या कडेनं बारीक टाचणी सरकवून टर्मिनलला टेकवायची. वायरच्या प्लॅस्टिकला भोक पाडू नका. आज सोपं वाटतं, पुढच्या पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरून आतलं तांबं हिरवं होतं.

इंजिन चालू ठेवलं. थंड असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पंपाच्या दोन टोकांवर १३.२. जवळपास एक व्होल्ट वाटेत हरवतोय. चांगलं नाही, पण गाडी चालेल. मग तशीच चालत ठेवली आणि चहा घेतला. पाव तासानं बॅटरीवर तेच १४.१ आणि पंपावर १०.९. भाची मीटरकडे बघतच राहिली, कारण तिच्या देखत शेवटचा आकडा हळूहळू उतरत होता.

आता हरवलेले व्होल्ट कुठल्या बाजूला आहेत ते शोधायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं पंपाच्या प्लसवर: ०.३. ठीक. फ्यूज, रिले, चावीचा स्विच, सगळे निर्दोष. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं पंपाच्या मायनसवर: २.९. इथे ०.२, फार तर ०.३ असायला हवं. ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची मायनस बाजू, बघायची सवय आपल्याकडे कुणालाच नाही. सगळे प्लस तपासतात, जणू वीज नुसती जाते, परत येतच नाही.

वायरीभोवती चिमट्यासारख्या लावायच्या डीसी क्लॅम्प मीटरनं प्रवाह पावणेदोन अँपिअर निघाला. २.९ गुणिले १.७५, म्हणजे एका जोडाच्या आत जवळजवळ पाच वॅट उष्णता. लॅबच्या टेबलावर पाच वॅट म्हणजे काहीच नाही, पण हे टर्मिनल हरभऱ्याच्या डाळीएवढं, प्लॅस्टिकच्या बंद घरात, सीटखालच्या गरम हवेत. इंजिन बंद करून कनेक्टर उघडला. तीन टर्मिनलं चकचकीत, चौथं चॉकलेटी. त्याच्या भोवतीचं पांढरं प्लॅस्टिक कडेला करपून पिवळट झालेलं. चिमट्यानं पिन आत-बाहेर केली तर बाकीच्या पिना पकडून धरत होत्या, ही मात्र सैल सरकली. तापत राहिलं की टर्मिनलच्या आतल्या जिभेचा ताण जातो. ताण गेला की पकड सुटते. पकड सुटली की आणखी तापतं. थांबून गार झालं की तात्पुरतं पुन्हा जुळतं. चौराह्यावरच्या दहा-पंधरा मिनिटांचं गुपित हे होतं. पंप तापून बसत नव्हता, त्याच्या परतीच्या वाटेवरचा जोड तापत होता.

असं टर्मिनल घासून वापरू नये. सँडपेपरनं वरचा कल्हईचा मुलामा निघतो आणि गेलेला ताण काही परत येत नाही. छोटी ग्वालटोलीत पार्ट्सच्या दुकानांत नवं टर्मिनल वायरच्या तुकड्यासकट मिळालं. क्रिंपिंगच्या पकडीनंच दाबून बसवलं. साध्या पक्कडीनं चेपलेलं टर्मिनल म्हणजे पुढच्या बिघाडाची ॲडव्हान्स बुकिंग. बाकीच्या तिघांवर काँटॅक्ट क्लीनर, वर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पुसट हात. यानंतर तापल्यावरसुद्धा पंपावर १३.६ व्होल्ट यायला लागले.

इथेच थांबता आलं असतं. भाची थांबायच्याच मताची होती. पण व्होल्ट आले म्हणजे दाब आला असं होत नाही, आणि तिच्या पंपानं बरेच दिवस उपाशीपोटी काम केलेलं होतं. शिवाय तिची शंभर रुपयांचं पेट्रोल टाकायची सवय मला ठाऊक आहे. आपल्या इंदूरच्या भावात शंभरात लिटरही येत नाही, म्हणजे गाडी कायम रिझर्व्हच्या काट्यावर.

टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोल थेट त्याच्या मोटरमधूनच वर जातं; आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा), ब्रश, सगळं भिजवत. तेच त्याचं वंगण आणि तेच त्याला गार ठेवणारं. बरेच जण विचारतात, ब्रशच्या ठिणग्या आणि भोवती पेट्रोल, मग पेट कसं घेत नाही? पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच पेटते. मोटरच्या आत हवाच नाही, नुसतं पेट्रोल, त्यामुळे ठिणगी पडूनही जाळायला काही मिळत नाही. हीच गोष्ट उलटी करून बघा म्हणजे बाहेर काढलेला पंप टेबलावर ठेवून बॅटरी लावून "फिरवून बघू" म्हणणारे किती मोठा धोका पत्करतात ते कळेल. आत ओल पेट्रोलची, भोवती हवा, मध्ये ठिणगी. वर कोरडा फिरल्यानं पंपही झिजतो. आणि वायरा उलट्या लागल्या तर मोटर उलटी फिरते, दाब तयारच होत नाही, आणि चांगला पंप भंगारात जातो.

दाबाचा गेज टी-जोडासह लावायचा असतो तो पंपाची नळी आणि इंजेक्टर यांच्या मध्ये. त्याआधी लाइनमधला दाब उतरवणं सक्तीचं आहे. पंपाचा कनेक्टर काढून इंजिन चालू करायचं, ते आपोआप मरू द्यायचं, वर एकदा सेल्फ मारायचा, मग बॅटरीची मायनस वायर सोडायची. एवढं करूनही जोड उघडताना त्यावर फडकं धरायचं, कारण थोडं पेट्रोल उडतंच. हे सगळं अंगणात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि जिथे जाळ असेल तिथे पोचते. आमच्याकडे सासूबाई संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावतात, म्हणून काम सकाळी पोहे झाल्यावर काढलं आणि मागच्या बाजूचा गॅस गीझर बंद करून ठेवला. त्यांनी आंघोळीच्या पाण्यावरून बरंच ऐकवलं, ते वेगळं.

गेज लावून इंजिन चालू केलं: मंद चालीवर २८० किलोपास्कल. वाईट नाही. ॲक्सिलरेटर झटक्यात पिळला आणि काटा २५० पर्यंत खाली येऊन थरथरत राहिला. रेग्युलेटर धड असेल तर दाब जागचा हलायला नको. व्होल्ट पूर्ण असताना दाब मागणीबरोबर पडतो, तेव्हा एक तर पंप आतून झिजलाय, नाहीतर त्याला खालून पेट्रोल पुरत नाहीये. दुसरं स्वस्त, म्हणून ते आधी बघायचं.

टाकीच्या माथ्यावर पंपाची गोल चकती असते. तिच्याभोवतीची माती ब्रशनं आणि फडक्यानं आधी साफ करा. नट काढल्यावर साफ कराल तर सगळी आत. नट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे. पंप सरळ वर ओढायचा नाही, फ्लोटचा दांडा अडकतो आणि वाकतो. तिरका करून, वळवून काढायचा.

खाली लोंबणारी जाळी नायलॉनची, पातळ पिशवीसारखी, नवी असते तेव्हा पांढरी. ही चहाच्या रंगाची होती. बोटाला चिकट लागत होतं आणि उजेडासमोर धरली तर अर्ध्याहून जास्त भागातून उजेड येत नव्हता. जुनं पेट्रोल आटून जो लाखेसारखा थर बसतो तो हा. कायम तळाचंच पेट्रोल ओढणाऱ्या गाडीत तो लवकर बसतो. स्वच्छ पेट्रोलमध्ये विसळून, आतून बाहेर हलकी हवा मारून जाळी तात्पुरती मोकळी होते, पण कॉम्प्रेसरचा जोर लावलात तर विणच फाटते आणि मग कचरा थेट पंपात. रंग बदललेली जाळी मी टाकूनच देते. काही मॉडेलना ती सुटी मिळते. भाचीच्या गाडीला मिळाली. असेंब्लीच्या किमतीपुढे ती रक्कम सांगायलाही लाज वाटेल.

टाकी रिकामी केलीच होती, म्हणून लॅबमधला जुना खेळ भाचीला दाखवला. १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, हलवून ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं आणि खालचा थर वाढतो. २० टक्के इथेनॉल असेल तर तो २८ च्या आसपास थांबायला हवा. थांबलाही. यात गैर काही नाही, देशात २०२३ पासून हे पेट्रोल येऊ लागलंय. मुद्दा पाण्याचा आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, एका मर्यादेपर्यंत. पावसात झाकणातून पाणी झिरपत राहिलं आणि ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून तळाशी बसतात, नेमकी जाळी असते तिथे. मग इंजिनाला पेट्रोलऐवजी ते मिश्रण जातं आणि पुन्हा नाव पंपाचं. भाचीच्या टाकीच्या तळाला पाणी नव्हतं, गंजाचे दोन-चार कण होते. ते विसळून काढले.

बसवताना एकच नियम: ओ-रिंग नवी. जुनी फुगलेली असते, खाचेत बसवायला गेलं की एका बाजूनं वर येते, आणि लोक तिला तशीच चेपून वर नट आवळतात. गळती झाली तर ती इंजिनाच्या डोक्यावर. नट पुन्हा समोरासमोरचे, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं.

पेट्रोल भरलं, या वेळी माझ्या समोर, निम्म्याहून वर. चावी दोन-तीनदा चालू-बंद केली म्हणजे लाइनमधली हवा निघते. मंद चालीवर २९५, ॲक्सिलरेटर पिळला तरी २९५ च्या आसपासच. इंजिन बंद करून गेज तसाच ठेवला. दहा मिनिटांनी २६५. बंद केल्या केल्या काटा शून्याकडे धावला असता तर पेट्रोल मागे परतू न देणारा चेक व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर गळतोय असं समजायचं. अशा गाडीला चालू व्हायला दोन-तीनदा चावी फिरवावी लागते. इथे तसं काही नव्हतं.

मला खरं तर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पंपाच्या प्रवाहाची लहरही बघायची होती. ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर, त्याच्या प्रत्येक भागाचा एक उंचवटा दिसतो. सगळे सारखे असले तर मोटर निरोगी, ठरावीक अंतरानं एखादा बुटका दिसला तर तो भाग किंवा त्याचं वाइंडिंग जायला आलंय. पंप न उघडता त्याचं वय सांगणारी याहून चांगली चाचणी मला माहीत नाही. पण क्लासची वेळ झाली होती आणि भाची हेल्मेट घालून उभी होती. ते पुढच्या सर्व्हिसला. तेव्हा ग्राउंडच्या बाजूला हरवणारे व्होल्ट पुन्हा मोजणार आहे, आकडा ०.३ च्या वर गेलेला दिसला तर करपलेल्या प्लॅस्टिकसकट अख्खा कनेक्टरच बदलायचा.